धाकटा भाऊ जर्मनीत कंपनीत लागलाय, तिथल्या कामाच्या पद्धतीत रुळेना, इथून काय मदत करता येईल?

उचगावचा_थोरला
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, वय २५, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाच वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) होता, हात लई चांगला, जर्मन भाषा बी१ पर्यंत (मधल्या पातळीपर्यंत) केली आणि चार महिने झाले स्टुटगार्टजवळ एका कंपनीत लागलाय. पण रोज फोन आला की आवाज पडलेला. परवा एका लॉटमध्ये बोअर अंडरसाईज निघाला (पीसमधलं भोक मापापेक्षा लहान), चूक त्याचीच, त्यानं ती कबूल केली आणि शिफ्ट संपल्यावर कुणाला न सांगता एकटाच थांबून सगळे पीस परत फिनिश करत बसला. इथं असं केलं असतं तर मालकानं पाठीवर हात ठेवला असता, चहा पाजला असता. तिथं फोरमननं मशीन बंद करायला लावली आणि दुसऱ्या शिफ्टच्या पोरांसमोर सांगितलं, घरी जा, परत असं करायचं नाही. पोरगं म्हणतंय, "दादा, मी जास्त काम केलं म्हणून बोलणी खाल्ली." प्रोबेशनचे दोन महिने राहिलेत, परत येतो म्हणतोय, आईला अजून काही सांगितलेलं नाही. कुणी तिथं काम केलंय का? त्याला समजावू तरी कसं?

कागलची_लेक
दादा, मी तिकडं सहा वर्षं नर्स आहे. त्या फोरमनचा तुमच्या भावावर राग नसणार. तिथं कायद्यानं दिवसाला ८ तास काम, वाढवलं तरी १० च्या वर नाही, आणि एक शिफ्ट संपून दुसरी लागेपर्यंत सलग ११ तास विश्रांती द्यावीच लागते. हे मोडलं तर जाब कंपनीला द्यावा लागतो, आणि थांबलेल्या माणसाला काही लागलं तर पहिला प्रश्न फोरमनलाच. आपल्याकडं उशिरापर्यंत थांबणारा तो कष्टाळू, तिथं वेळेत आवरणारा तो चांगला कामगार.

दुसरं, भाऊ न कळता हो म्हणतो का ते त्याला विचारा. मी म्हणायची. पहिल्या वर्षी वॉर्डातल्या सिनियरनं भराभर काहीतरी सांगितलं, मी "या, या" (जर्मनमध्ये हो, हो) करून मान डोलावली आणि नंतर चुकीच्या खोलीसमोर ट्रॉली घेऊन उभी राहिले. ती ओरडली नाही, पण म्हणाली दहा वेळा विचार, चालेल मला, पण कळलं नसताना हो म्हणू नकोस. मला त्या रात्री झोप नाही आली. आपल्या घरात मोठ्यांना परत विचारलं की उलट बोलतो असं होतं ना, ते अंगात मुरलेलं असतंय, एका दिवसात जात नाही. तेव्हापासून मी ऐकलेलं माझ्या शब्दात परत बोलून दाखवते आणि बरोबर आहे का विचारते. याच एका सवयीवर मी टिकले.

शिरोली_टर्नर
ताई बरोबर बोलल्या, पण सगळं त्या पोरानंच बदलायचं का? कंपनीनं पण पहिल्या आठवड्यात बसवून हे सांगायला पाहिजे होतं, हजारो किलोमीटरवरनं माणूस आणता आणि पंचिंग कार्ड देऊन सोडून देता हे काय बरोबर नाय. मी तिथं तीन वर्षं काढून आलोय. बऱ्याच कंपन्यात नव्या माणसाला एक जुना जोडीदार देतात, त्याला 'पाटं' म्हणतात, भावाला सांगा तो मागून घे. आणि प्रोबेशन संपायची वाट बघू नको, आत्ताच फोरमनकडं वेळ मागून विचार माझं कुठं चुकतंय, कारण प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात आणि गप्प बसणाऱ्याबद्दल त्यांना काहीच कळत नसतंय.

अजून एक, ब्रेकला मशीनपाशी एकटा डबा खात बसू दे नको. मी तसंच करायचो. माझ्या वाढदिवसाला कुणी विचारलं पण नाही म्हणून लई वाईट वाटलेलं, मग कळलं तिथं ज्याचा वाढदिवस त्यानंच केक न्यायचा असतो. पुढच्या वर्षी केक आणि आईनं पाठवलेला भडंग नेला, दहा मिनिटात डबा रिकामा, आणि त्या दिवसापासनं माझ्याशी बोलायला लागले.

रंकाळा_संध्याकाळ
२७ च्या आतल्या परदेशी पोरांसाठी तिथं 'युगेंडमिग्रात्सिओन्सडीन्स्ट' म्हणून फुकट सल्ला केंद्रं असतात, त्यावरच्यांना कारितास, डियाकोनी वगैरे संस्था मदत करतात. नोकरीतल्या हक्कांबद्दल विचारायचं असेल तर 'फेअरं इंटेग्रात्सिओन' आहे, तेही फुकट. वय बसतंय, जाऊ दे त्याला एकदा.

उचगावचा_थोरला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तासभर बोललो, तुमचे मेसेज वाचून दाखवले. आज ब्रेकला तो स्वतः फोरमनकडं गेला. फोरमन म्हणाला, पीसचं मला काही नव्हतं, तू पंच आऊट करून एकटा मशीनवर होतास त्याची धास्ती होती, आणि रिवर्कची, म्हणजे चुकलेला पीस परत दुरुस्त केल्याची, नोंद कुठं करायची ते शेजारी उभं राहून दाखवलं. आज आवाज जरा बरा होता, आईशी पण बोलला. कागलच्या ताई, ते परत विचारायचं वाक्य जर्मनमध्ये कसं म्हणायचं तेवढं टाकाल का, त्याला पाठवतो.

कागलची_लेक
"हाबं इश दास रिश्टिश फेरश्टांडन?" म्हणजे मला हे बरोबर कळलंय का. आणि दादा, त्याला माझा नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, रविवारी मी घरीच असते.