मदत हवी आहे: ट्रेमध्ये शीट फिल्मचं इमल्शन सुटतंय

काळोखी: मालवणला घरी मोरीत ४ बाय ५ इंची फिल्मच्या शीट ट्रेमध्ये डेव्हलप करतोय, एका वेळी चार. कडांना इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा जिलेटीनचा थर, फुगून पापुद्रा सुटतो, मध्ये बारीक ओरखडे. अंधार पक्का आहे, ते विचारू नका. पद्मगड किल्ल्याच्या फोटोंच्या शीट अजून डेव्हलप करायच्या आहेत, त्या घालवायच्या नाहीत. लवकर सांगा.

चिरेबंदी: फिल्म कुठली? डेव्हलपर? तापमान?

काळोखी: एफपी४ प्लस. डी-७६ पातळ न करता साडेआठ मिनिटं. २० अंशच आहे, बर्फात ट्रे ठेवून आणतो.

हापूस_नको: एफपी४ परवडते कशी? हिरवी एक्स-रे फिल्म घ्या, म्हणजे हिरवा उजेड टिपणारी, लाल न टिपणारी. लाल दिव्यात डोळ्यांदेखत काम.

चिरेबंदी: तिला दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं हो. तळाशी घासून ओरखडे दुप्पट. त्याला त्रास कशाचा आणि तुम्ही देताय काय!

हापूस_नको: तळाला काच ठेवायची, एकेकच धुवायची. मी तसंच करतो.

तारकर्ली७: मोबाईलात काळो-पांढरो फोटो येता मा? मगे ह्यो उपद्व्याप कित्याक?

सुरुबन: आधी ओरखडे. कोरड्या शीट एकदम बुडवल्या की एकमेकींना चिकटतात. साध्या पाण्यात एकेक करून भिजवा. मग तळातली काढून वर ठेवत राहा, पण आडवी, सपाट. तिरकी सोडली की तिचा कोपरा खालचीला लागतो. नखं कापा. ट्रे ८ बाय १० चा हवा. आता सांगा, बर्फ फक्त डेव्हलपरला? धुता कशात?

काळोखी: स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं) आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं) तसेच बर्फाबाहेर असतात. धुवायला नळ. टाकी गच्चीवर. त्याचा काय संबंध?

सुरुबन: तोच तर संबंध! मे महिन्यात दुपारी त्या नळाखाली हात धरून बघा. २० अंशांतून निघालेलं ओलं जिलेटीन थेट त्यात गेलं तर फुगणारच. सगळं एकाच तापमानाला आणा, धुण्याचं पाणीसुद्धा. २४ जमतं. डेव्हलपरमधली वेळ मग सहा मिनिटांच्या आसपास. २८ वर नेलंत तर चारवर येईल, तेवढ्यात चार शीट एकसारख्या होत नाहीत. विहिरीचं पाणी कळशीत काढून सावलीत ठेवा, बर्फ पिशवीत बांधून सोडा. नळ बंद. पाणी बदलत धुवा.

हापूस_नको: फिक्सरमध्ये तुरटी टाका, थर कडक होतो, संपला विषय. जुने लोक हेच करायचे.

चिरेबंदी: नुसती टाकली तर फिक्सर गढूळ होईल. कोडॅकच्या एफ-५ या फिक्सरमध्ये तुरटीबरोबर सल्फाइट, ॲसेटिक आणि बोरिक ॲसिडही असतं. शिवाय कडक झालेली फिल्म जास्त वेळ धुवावी लागते.

हापूस_नको: माझा कधी गढूळ झाला नाही.

चिरेबंदी: लाल दिव्यात कळलं नसेल.

तारकर्ली७: बर्फ जेटीवरसून हाडू नको, बांगड्याचो वास येतलो.

काळोखी: बर्फ घरच्या फ्रिजचाच आहे. पाणी काढून ठेवलंय. लाईट गेली नाही तर आज रात्री दोनच शीट करतो, पद्मगडाच्या नाहीत. तुरटीचं तुम्ही दोघं ठरवा.