साठीनंतर पायी पंढरपूर: आषाढीची पालखी की माघीची शांत वाट?

मोर्णाकाठ
साठी उलटलेल्या माणसाने वऱ्हाडातून पहिल्यांदा पायी पंढरपूर धरायचं ठरवलं की घरचेदारचे सगळे आषाढीच गृहीत धरतात. माझं ठाम मत वेगळं आहे. या वयात पहिली वारी माघीची करावी, आठ-दहा जणांनी, सामानाला एक छोटा हत्ती (लहान टेम्पो) घेऊन. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी अशा वाऱ्या चार आहेत आणि माघ शुद्ध एकादशीलाही विटेवर पांडुरंग तोच असतो.

पुण्याकडचा हिशोब आपल्याला लागू पडत नाही. आळंदीहून पंढरपूर २५० किलोमीटरच्या आत, तेही बहुतेकदा पावसाच्या सोबतीने. शेगावहून अकोला, पातूर, रिसोड, नर्सी, औंढा, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा असं गेलं तर चाल ७०० किलोमीटरच्या घरात जाते. निघायचं ज्येष्ठात. मृग लांबला तर सुरुवातीचे आठ-दहा दिवस ४२ अंशांत डांबरावर काढावे लागतात. वय झालं की तहान उशिरा लागते, तोवर अंगातलं पाणी उतरलेलं असतं. पौषात ऊन सोसण्याजोगं असतं.

रोज १८ किलोमीटर आणि सातव्या दिवशी पूर्ण विश्रांती, असं धरा. ३९ दिवस चाल, सहा दिवस आराम, म्हणजे दीड महिना. मार्गशीर्षात निघावं लागेल. पालखीत मुक्काम २५ किलोमीटरवर असेल तर गुडघा काहीही म्हणो, २५ चालावंच लागतं.

टाळकरी
दादा, हवामानाचं मान्य. बाकीचं नाही.

आषाढीत वाटेवरच्या गावांचं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. चहा कोणाकडे, पंगत कोणाची, उतरायचं कुठे, सगळं. टँकर असतो, औषधाची गाडी असते. पौषात तुम्ही गावात पोचाल तेव्हा गाव तुरीच्या सोंगणीत, कापसाच्या वेचणीत आणि हरभऱ्याच्या ओलितात असेल. तुमची वाट कोणी पाहत नसेल. त्यात त्यांचा दोष नाही.

मग दहा जणांचं जेवण कोण करणार? दोन वेळचं पीठ साडेतीन-चार किलो, किलोभर डाळ, भाजी, सकाळचा चहा. अशा लहान दिंडीत स्वयंपाक हमखास बायांच्या गळ्यात पडतो. बाकीचे पाय वर करून पडतात आणि त्या चुलीपुढे उकिडव्या बसतात. चार-पाच दिवसांत आधी त्यांचेच गुडघे जातात. पगारी स्वयंपाकी घेणार नसाल तर ही शांत वारी फक्त पुरुषांसाठी शांत आहे.

आणि वारी म्हणजे नुसती चाल नव्हे. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर थकलेला म्हातारा माणूस शेवटचे पाच किलोमीटर काढतो. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेच्या पालखीची परंपरा सन १५९४ पासूनची सांगतात. ती एवढी टिकली ती सोबतीच्या बळावर.

गावची सिस्टर
दोन्ही बाजूंनी पायांचा आणि गोळ्यांचा विचार राहून गेला, म्हणून लिहिते.

तयारी तीन महिने आधीपासून. पाच किलोमीटरपासून सुरू करून पंधरापर्यंत जा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी असते: पंधरा चालून झोपलात, तर सकाळी उठून पुन्हा पंधरा जमतात का? लागोपाठ तीन दिवस जमले तरच निघा.

जोडे एक नंबर मोठे घ्या, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात आणि अंगठ्याचं नख पुढे घासून काळं पडतं. नवे जोडे वारीत घालू नका, किमान सहा आठवडे वापरलेले हवेत. सुती मोजा घामाने ओला राहतो आणि ओली कातडी लवकर फाटते, म्हणून मोजे दुपारी बदला. फोड आला तर वरची कातडी सोलू नका. साखर (मधुमेह) असणाऱ्यांनी फोड स्वतः फोडूच नये. त्यांच्या पायांना बधिरपणामुळे खडा टोचलेलाही कळत नाही, तेव्हा रोज रात्री आरसा धरून तळवे पाहायचे.

बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात क्षार जाऊन चक्कर येते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने टाकणं चूक.

पण मोर्णाकाठ दादा, थंडीही निर्धोक नाही. पहाटेच्या गारठ्यात बीपी चढतं, सांधे आखडतात. दम्याच्या माणसाला तुरीच्या थ्रेशरची धूळ बाधते. उजाडल्याशिवाय निघू नका. आणि बायांनो, शौचालयाची सोय नाही म्हणून पाणी कमी पिणं दोन्ही वाऱ्यांत घडतं. त्यातून लघवीची जळजळ आणि ताप येतो. मोठ्या पालखीत रांगेमुळे हे जास्त होतं.

कापूसवाला
दीड महिना सलग काहून पायजे? तुकड्यानं चाला. शेगाव ते रिसोड एका खेपेत, मंग यष्टीनं घरी. पुढच्या महिन्यात रिसोडले उतरून तिथूनच पुढं. पंच्याहत्तरीच्या वरच्याले यष्टी फुकट हाये, पासष्टच्या वर अर्धं तिकीट, बायांले तं अर्धंच. घरी ढोरं-वासरं असणाऱ्याले याच्याबिगर जमत नाई.

टाळकरी
भाऊ, तुकड्यांची चाल चांगलीच, पण ती वारी नाही. वारीला तिथी असते. एकादशीला चंद्रभागेत उभं राहायचं, हा नेम.

मोर्णाकाठ
तिथीबाबत टाळकरींशी सहमत. शेवटचा तुकडा, सोलापूर ते पंढरपूर, तरी एकादशीला धरून ठेवावा. स्वयंपाकाचा मुद्दाही बिनतोड आहे. स्वयंपाकी आणि गाडीवाला वेगवेगळे ठेवून खर्च माणशी वाटून घ्यावा, त्याशिवाय निघू नये.

माघीचा खरा धोका मात्र अजून कोणी बोललं नाही: ऊस. गंगाखेडपासून पुढे गळीत हंगाम जोरात असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. पुढची ट्रॉली चुकवली की माणूस निश्चिंत होतो आणि मागची घासून जाते. रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारं वाहन दिसेल असं, एकामागे एक चालायचं. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चमकती पट्टी. संध्याकाळी साडेपाचनंतर रस्त्यावर एकही माणूस नको.

टाळकरी
मग एवढं तरी करा. निघण्याच्या महिनाभर आधी एकाने एसटीने सगळी वाट फिरून यावं. प्रत्येक मुक्कामी मंदिराच्या पुजाऱ्याला किंवा सरपंचाला भेटून सभामंडप, पाणी आणि शौचालय बघून, फोन नंबर वहीत लिहून आणावा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भरवशावर राहू नका. पौषात शाळा भरलेली असते, वर्ग संध्याकाळी सुटल्यावरच मिळतो आणि सकाळी लवकर रिकामा करावा लागतो. माझं मत आषाढीचंच आहे. पण जे माघीला जाणारच, त्यांनी ही वही नसताना शेगाव सोडू नये.