काच खाली जाते, वर येत नाही : चालकाकडील स्विचचे अर्थिंग भार देऊन कसे तपासावे?

मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात एका खेड्यात राहतो. माझ्या जुन्या कारच्या पुढच्या डाव्या दाराची काच चालकाकडील आणि दारावरील अशा दोन्ही स्विचांनी खाली जाते, परंतु एकानेही वर येत नाही. दारातून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, एवढेच. उरलेल्या तिन्ही काचा व्यवस्थित चालतात. मृगाच्या पहिल्या सरीत खताच्या पोत्यातले प्लास्टिक चिकटवून वेळ भागवली.

गावातील वायरमनने घरगुती टेस्टर लावला आणि तो न पेटल्याने “यात करंटच नाही, भाऊ,” असे सांगितले. त्या टेस्टरमधला निऑन दिवा 12 व्होल्टवर पेटतच नाही, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने दार न उघडताच मोटर गेल्याचे निदान केले, म्हणून मीटर घेऊन स्वतःच बसलो.

दाराचे कव्हर काढून मोटरला बॅटरीवरून थेट तारा जोडल्या, तेव्हा काच सरळ वर गेली आणि तारा उलट करताच खाली आली. म्हणजे मोटर आणि काचेची खाच दोन्ही ठीक आहेत. नंतर मोटरचा कनेक्टर काढून ‘वर’चे बटण दाबले, तर त्याच्या दोन पिनांमध्ये पूर्ण 12.2 व्होल्ट दिसले. येथे मी फसलो होतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, आणि प्रवाह नसेल तर खराब जोडातही व्होल्टेज घटत नाही. कनेक्टर पुन्हा बसवून मागच्या बाजूने मीटरच्या पिना खुपसल्या, तेव्हा पुरवठ्याच्या तारेवर 11.8, पण परतीच्या तारेवर शून्याऐवजी 7.6 व्होल्ट मिळाले. मोटरच्या वाट्याला जेमतेम 4.2 व्होल्ट उरले.

माझ्या समजुतीप्रमाणे मोटरच्या दोन्ही तारा, बटण न दाबलेल्या स्थितीत, चालकाकडील स्विचमधूनच अर्थ होतात, म्हणजे बॅटरीच्या ऋणाशी जोडल्या जातात. काच वर जाताना ज्या तारेतून प्रवाह परत येतो, तीच तार काच खाली जाताना पुरवठा करते. चालकाकडील स्विचने काच खाली जाताना मोटरवर 11 व्होल्ट मिळतात, त्यामुळे दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तार आणि दारावरील स्विच दोन्ही निर्दोष ठरतात. संशय उरतो तो चालकाकडील स्विचमधील, त्या तारेला अर्थ देणाऱ्या एकाच कॉन्टॅक्टवर.

तो स्विच आता टेबलावर आहे. त्या तारेची पिन आणि अर्थची पिन या दोहोंवर मीटरचा बझर वाजतो, पण तो तीस-चाळीस ओहमलाही वाजत असल्याने त्यावर माझा विश्वास नाही. दीड ओहमचा अडथळासुद्धा मोटर थांबवायला पुरे आहे. माझा मीटर साधा असून त्याच्या स्वतःच्या दोन पिना एकमेकींना लावल्या तरी 0.8 ओहम दाखवतो.

म्हणून बॅटरीचा धन, 10 अँपिअरचा फ्यूज, हेडलाइटचा 55 वॉटचा दिवा, स्विचच्या त्या दोन पिना आणि बॅटरीचा ऋण अशी एक साखळी जोडून, दिवा पेटलेला असताना पिनांमधील व्होल्टेज मोजावे असा विचार आहे. सुमारे साडेचार अँपिअरचा हा भार पुरेसा आहे काय, आणि किती व्होल्टपर्यंतची घट चालवून घ्यावी? कॉन्टॅक्ट काळा पडलेला निघाल्यास तो सँडपेपरने घासावा, की चांदीचा मुलामा जाईल म्हणून स्विचच बदलावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.