दहावीचं इंग्रजी: व्याकरण सोडा म्हणणाऱ्यांसाठी

नौपाड्याची आई: काल इथे सल्ला वाचला, "८० च्या पेपरात व्याकरणाला १० मार्क. शेवटच्या पंधरवड्यात ते सोडा, गाइडमधून कवितांचं ॲप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहण, पाठ करून घ्या." राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलीने हेच केलं. सराव परीक्षेत टागोरांच्या 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर'ची ऱ्हाइम स्कीम, म्हणजे यमकांची रचना, 'एबीएबी' लिहून आली. कविता मुक्तछंदातली, यमकच नाही! दुसऱ्याच कवितेचं पाठांतर इथे उतरलं होतं. रात्री दोघी कविता घेऊन बसलो. सात ओळी 'व्हेअर'ने सुरू होतात आणि वाक्य काही संपत नाही. मुख्य वाक्य येतं थेट शेवटी, 'इंटू दॅट हेवन ऑफ फ्रीडम, माय फादर, लेट माय कंट्री अवेक'. हे दिसल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आधीचं सगळं त्या स्वर्गाचं वर्णन?" पॅसिव्हही तिथेच सापडला, 'द हेड इज हेल्ड हाय'. आता हे साहित्य म्हणायचं की व्याकरण?

ऐरोलीकर: सल्ला माझाच. ताई, तुम्हाला वेळ आहे. मी ट्रान्स-हार्बरने घरी पोचतो तेव्हा दहा वाजलेले असतात. पोरगा मराठी माध्यमाचा. 'नो सूनर'पुढे 'दॅन' वर्षभर घोकतोय, तरी 'व्हेन'च लिहितो. ॲप्रिसिएशनचे ५ मार्क तरी पदरात पडतात.

वाशीत शिकवणी घेणारी: १० मार्क फक्त पहिल्या प्रश्नाचे, दादा. उताऱ्यांखालीही 'डू ॲज डायरेक्टेड', म्हणजे व्याकरणाचे प्रश्न, असतातच. आणि पत्र काय व्याकरणाशिवाय लिहिणार?

नेरूळचे निवृत्त मास्तर: 'सूनर' हे तुलनेचं रूप, म्हणून 'दॅन'. 'टॉलर दॅन' म्हणतो तसंच. 'हार्डली'त तुलना नाही, तिथे 'व्हेन'. कारण सांगा, पोर विसरणार नाही. पण खरं दुखणं मराठीत आहे. 'मुलाने चिंच खाल्ली' हा आपला कर्मणी प्रयोग, रोजच्या बोलण्यातला. इंग्रजीत त्याचं साधं ॲक्टिव्ह होतं. 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह' एवढंच शिकवलं की घोळ होणारच. आम्ही इंग्रजी शिकवणाऱ्या जुन्या पुस्तकांवर, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलो. रोज दोन्ही भाषा शेजारी ठेवून वाक्यं करायचो.

वाशीत शिकवणी घेणारी: माझ्याकडची निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची. त्यांना कर्मणी सांगितला तर दुप्पट गोंधळ होतो.

मास्तर: मग तो दोष आईबापांचा. घरात मराठी बोलायची लाज वाटते.

नौपाड्याची आई: मास्तर, वयाचा मान ठेवून सांगते, हे बोलू नका. मुलगी इंग्रजी माध्यमात असली तरी आमच्या घरात मराठीच बोलतात. शाळा निवडताना जवळच्या मराठी शाळेची दहावीची तुकडीच बंद झाली होती. तेव्हा कोण आलं होतं विचारायला?

मास्तर: तुमच्याबद्दल नव्हतं. शब्द मागे घेतो. चिंचेचं मात्र तसंच राहील.

ऐरोलीकर: तुमचं भांडण चालू द्या. काल रात्री पोराला 'टॉलर दॅन' दाखवलं. पाच वाक्यं दिली, पाचही बरोबर. तेवढं मान्य. ॲप्रिसिएशन पाठ करून घेणारच.

नौपाड्याची आई: घ्या. त्याआधी एकदा कविता त्याला मोठ्याने वाचू द्या.

ऐरोलीकर: रविवारी.