नाट्यपद, लावणी आणि वॉल्ट्झ एकाच मंचावर: आधी पट्टी
नाट्यपद, लावणी आणि वॉल्ट्झ (तीन मात्रांची पाश्चात्त्य नृत्यधून) एकाच कार्यक्रमात घेताना क्रम कसा लावायचा, असं विचारलंय. क्रमाच्या आधी पट्टी ठरवा, म्हणजे गाण्याचा सा कोणत्या स्वरावर धरायचा ते. गायकाला बहुधा काळी एक (हार्मोनियमवरचा सी-शार्प) हवी असते. पण तिथल्या बिलावल सप्तकात (सगळे शुद्ध स्वर) व्हायोलिनची एकही मोकळी, म्हणजे बोट न ठेवता वाजणारी, तार बसत नाही, आणि हौशी वादक तिथेच घसरतात. पांढरी दोन (डी) केली तर व्हायोलिनवाले खूश, मात्र आल्टो सॅक्सोफोनच्या नोटेशनच्या कागदावर पाच शार्प (अर्ध्या स्वराने चढवलेले स्वर) येतात, आणि शार्प जितके जास्त तितकं वाजवणं अवघड! पांढरी एक (सी) हा त्यातल्या त्यात बरा तह: बी-फ्लॅट क्लॅरिनेटला दोन शार्प, आल्टोला तीन. गायकाला अर्धा स्वर उतरायला आत्ताच राजी करा, रंगीत तालमीला नव्हे.

मग क्रम. एका पट्टीची गाणी लागोपाठ ठेवा, कारण तबला हातोडीने थोडाच सरकतो. ओढूनताणून चढवला तर नाद मरतो. पुढच्या पट्टीचा तबला आधीच लावून ठेवा.

सूर हार्मोनियमशी मिळवा, ती काही हलायची नाही. एसी हॉलमध्ये क्लॅरिनेट, बासरी गार पडून उतरतात, म्हणून दहा मिनिटं वाजवल्यावरच मिळवा. आणि ढोलकी व्हायोलिनच्या माइकपासून लांब.