मदत हवी आहे: बाबा यंदा 'चोर बीटी' लावायचं म्हणताहेत, निंदणावर दुसरा उपाय सुचवा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावच्या बाजूला. कोरडवाहू, मध्यम काळी जमीन. पऱ्हाटी (कापूस) मुख्य आणि काही ओळींआड तुरीची एक ओळ. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, शेती आई-बाबाच पाहतात. यंदा अर्ध्या रानात कापसाचं 'तणनाशकवालं' बियाणं, म्हणजे ज्याला सगळे चोर बीटी किंवा एचटीबीटी म्हणतात ते, लावायचं असं बाबांनी ठरवलंय. ओळखीतला एकजण घरपोच देतो, पावती नाही. शेजारच्या दोघांनी गेल्या हंगामात लावलं होतं आणि ऑगस्टमध्ये त्यांचं रान आरशासारखं साफ होतं, हे बाबांनी स्वतः पाहिलं आहे.

नुसतं "नको लावू" म्हणून फोन ठेवणं मला पटत नाही, कारण त्यांची अडचण खरी आहे. झड लागली की डवरा (ओळींमधलं तण काढायचं बैलाचं अवजार) चालत नाही. मग वाफसा आला की सगळ्या गावाला त्याच आठवड्यात निंदायला बाया लागतात. मजुरी वाढली, तरी बाया मिळत नाहीत. शेवटी आई एकटी ओळी धरते आणि संध्याकाळी तिला कंबर सरळ करता येत नाही. म्हणून तणाचा दुसरा उपाय हातात घेऊनच बाबांशी बोलायचं आहे.

मी जे वाचलं-विचारलं ते असं. आपण लावतो त्या बोलगार्ड-2 कापसात बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूची दोन जनुकं आहेत, क्राय1एसी आणि क्राय2एबी. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की त्या जनुकांमुळे बनणाऱ्या प्रथिनाने तिचं आतडं फाटतं. पहिल्या जनुकाच्या कापसाला 2002 मध्ये मान्यता मिळाली, दोन जनुकांच्या कापसाला 2006 मध्ये. चोर बीटीत यापलीकडे तिसरं जनुक घातलेलं असतं, तेही एका जिवाणूचंच. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं आणि झाड सुकतं. तिसऱ्या जनुकामुळे कापसाला त्या विकराचा असा प्रकार मिळतो की ग्लायफोसेट त्याला अडवू शकत नाही. म्हणून उभ्या पिकावर फवारलं तरी तण मरतं आणि पऱ्हाटी राहते. या बियाण्याच्या मान्यतेचा अर्ज ते आणणाऱ्या कंपनीने 2016 मध्ये मागे घेतला आणि त्याला आजही मान्यता नाही.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, तिसऱ्या जनुकाचा बोंडअळीशी काहीच संबंध नाही. देणारा माणूस मात्र "याला अळीही कमी लागते" असं सांगतो, आणि बाबांना ते खरं वाटतंय. दुसरी, आमच्या तुरीच्या ओळींचं काय? तुरीत ते जनुक नाही, तिच्यावर फवारा गेला की ती जळणार. तुरीवरच आमच्या घरचं वर्षाचं वरण आणि थोडे रोख पैसे अवलंबून असतात.

तर विचारायचं हे की मान्यता असलेल्या बीटी वाणात, तूर ठेवून, निंदणाचा निम्मा तरी भार कमी करणारं कोणी काही केलंय का? तणनाशक, अवजार, लागवडीची पद्धत, काहीही चालेल. आमच्याकडे केना, लव्हाळा आणि हराळी ही तणं जास्त. बांधाकडे थोडा कुंदाही आहे. आणि गुलाबी बोंडअळीसाठी बियाणं निवडताना काय पाहावं? 2017 ला आमची अर्धी बोंडं किडली होती. त्याच वर्षी जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली, तेव्हापासून पंप पाठीवर घेतला की आईला घोर लागतो. त्यामुळे फवारण्या वाढवणारा उपाय असेल तर तोही स्पष्ट सांगा.

प्रतिसाद: काळीमाती (वर्धा)

भाऊ, तुमच्याकडे केना जास्त आहे म्हणता, तर बाबांना सगळ्यात आधी हेच सांगा की केना ग्लायफोसेटला दाद देत नाही. बाकीचं गवत मरतं आणि मोकळ्या जागेत केनाच फोफावतो. अमेरिकेत जॉर्जियात असा कापूस लागल्यावर हेच झालं, केना तिथलं मोठं तण होऊन बसलं. पुढे 2005 च्या सुमारास तिथल्या रानटी राजगिऱ्यालाही ग्लायफोसेट पचू लागलं आणि मोठमोठ्या शेतकऱ्यांना परत माणसं लावून निंदावं लागलं. शेजाऱ्याचं रान पहिल्या वर्षी साफ दिसणारच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय दिसतं ते पाहायला हवं.

आता उपाय. मी करतो ते सांगतो. पेरणी झाली की दोन दिवसांच्या आत, जमीन ओली असताना पेंडीमेथॅलिन. कापूस आणि तूर दोन्हींना चालतं. जमीन कोरडी असेल तर पैसे वाया जातात, म्हणून चांगला पाऊस पडल्यावरच पेरा. पुढे तण दोन ते चार पानांचं असताना पायरिथायोबॅक सोडियम आणि क्विझालोफॉप इथाइल. पहिलं रुंद पानाच्या तणाला, दुसरं हराळीसारख्या गवताला. दोन्ही कापसात उभ्या पिकावर चालतात, त्यासाठी चोर बियाणं लागत नाही. मात्र पायरिथायोबॅक तुरीच्या ओळीवर जाऊ देऊ नका, नोझलला हूड लावा. प्रमाण पाकिटावरचंच. तण मोठं झाल्यावर मारलं तर ते पिवळं पडतं आणि पुन्हा उठतं. लव्हाळ्यावर यातलं काहीच नीट लागू पडत नाही, त्याच्या गाठी उन्हाळी नांगरटीत वर काढून वाळवाव्या लागतात.

आणि चौफुली करा. फुली मारून (उभ्या-आडव्या रेघा छेदतात तिथेच बी) टोबायचं म्हणजे डवरा उभाही चालतो, आडवाही. ओळीतल्या दोन झाडांमधलं तण, जे हाताने काढावं लागतं, तेच आडव्या डवरणीत निघतं. माझ्याकडे निंदणाच्या बाया सगळ्यात जास्त याच्यामुळे कमी झाल्या, औषधामुळे त्या मानाने थोड्या.

प्रतिसाद: शिवारफेरी

मी कृषी विस्ताराचं काम करते. बोंडअळीबद्दल लिहिते, कारण लोक बियाण्याकडून नको ती आशा करतात.

गुलाबी बोंडअळी आज बोलगार्ड-2 च्या दोन्ही प्रथिनांना पुरून उरते. गुजरातेत पहिल्या प्रथिनाला ती दाद देत नसल्याचं हे तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपनीनेच 2010 मध्ये जाहीर केलं होतं. हे आपल्याकडे इतक्या लवकर का झालं, याचं एक कारण आपल्या संकरित बियाण्यात आहे. संकरिताच्या झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, त्यामुळे त्याच्या बोंडातली सरकी सारखी नसते. एका जनुकाचा हिशेब केला तर चारांतल्या साधारण एका सरकीत ते नसतं. गुलाबी अळी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कुठे पूर्ण विष, कुठे अर्धं, कुठे काहीच नाही असं मिळत गेलं, आणि पचवणाऱ्या अळ्या वाचत गेल्या. त्यात विष न पचवणाऱ्या अळ्याही टिकाव्यात म्हणून सोबत मिळणाऱ्या बिगर-बीटीच्या 120 ग्रॅमच्या पुड्या बहुतेकांनी फेकून दिल्या. आता 475 ग्रॅमच्या पाकिटातच ते बी मिसळून येतं, ते निवडून काढू नका.

अमेरिकेत सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचा बीटी, बिगर-बीटीचं क्षेत्र, वांझ पतंग सोडणं आणि पऱ्हाटीचा वेळेवर नाश हे सगळं एकत्र झालं आणि 2018 मध्ये तिथून ही अळी संपल्याचं जाहीर झालं. जनुकं तीच होती, त्यांना साथ देणारं नियोजन आपल्याकडे नव्हतं.

म्हणून बियाणं निवडताना कमी दिवसांचं वाण घ्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सुरज, रजत असे सरळ वाण बीटीत आणले आहेत, उपलब्धता विचारून पाहा. जूनच्या आधी टोबू नका. एकरी दोन कामगंध सापळे (नर पतंगांना वासाने ओढणारे) लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले किंवा दहा टक्के डोमकळ्या (अळी लागून नीट न उमललेली फुलं) दिसल्या तरच फवारणी. तुमच्या आईची काळजी रास्त आहे, आणि नेम धरून केल्याने फवारण्या कमीच होतात, कारण अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. डिसेंबरअखेर रान मोकळं करा, फरदड (हंगामानंतर पीक राखून घेतलेली जादा वेचणी) घेऊ नका. पऱ्हाटीच्या गंज्या बांधावर पावसाळ्यापर्यंत ठेवल्या तर पुढच्या वर्षीची अळी आपणच पाळतो.

प्रतिसाद: उभी_पेरणी

माझं मत वेगळं आहे. जून 2019 ला अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं उघडपणे लावलं, त्या मागणीला माझा पाठिंबा होता आणि आहे. जगात इतरत्र शेतकरी हे तंत्रज्ञान वापरतात, आपल्याला का नाही? पण तुमच्या बाबांना मी आज पावतीशिवाय घ्या म्हणणार नाही. मान्यताप्राप्त बीटीचं पाकीट 2025 च्या हंगामात 901 रुपयांना होतं, त्यावर लॉट नंबर असतो, उगवण नाही झाली तर तक्रार करता येते. चोरीच्या पाकिटात कोणता संकर आहे, बोंडअळीचं जनुक तरी आहे की नाही, काही कळत नाही. पट्टीच्या चाचणीने जनुकं तपासता येतात, पण विकणारा कधी ती करून देत नाही. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून ग्लायफोसेट मारायलाही फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनाच मुभा आहे. मागणी लावून धरू, पण त्यासाठी कोरडवाहू माणसाने एका हंगामाचा सगळा खर्च पणाला लावू नये.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. केन्याची गोष्ट काल रात्री बाबांना फोनवर सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, शेजाऱ्याच्या रानात केना दिसला होता खरा, पण बाकी साफ होतं म्हणून लक्ष दिलं नाही. अजून त्यांचं मन वळलेलं नाही, बियाणं देणाऱ्याला होही म्हटलेलं नाही. आई शेजारून ऐकत होती, तिला चौफुली लगेच पटली.

काळीमाती भाऊ, त्याबद्दलच आणखी विचारतो. तुरीची ओळ मधे असताना आडवा डवरा कसा चालवता? तूरही कापसाच्या फुलीवरच टोबता, की तिच्यापाशी डवरा उचलता? आणि मध्यम जमिनीत अंतर तीन बाय तीन फूट ठेवलं तर झाडांची संख्या कमी पडत नाही का? बाबांचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि त्यांना करून पाहिलेल्या माणसाकडूनच उत्तर हवंय.