इटली १२ रात्री: सासूबाईंचा गुडघा, नवऱ्याचे डोंगर, मुलाच्या गाड्या, कसं जमवायचं?

सायली_कु

नमस्कार मंडळी, २ जूनपासून १२ रात्री इटलीत आहोत. रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून परत, एवढीच तिकिटं काढून झालीत, मधलं काही केल्या जुळत नाहीये. आम्ही चौघं. सासूबाई ७१ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सपाटीवर हळूहळू दोनेक किलोमीटर चालतात पण जिने नकोत, आणि पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याला डोंगर हवेत. मुलगा १६ चा, त्याला फक्त गाड्या, चर्च म्हटलं की चेहरा पडतो. मला चित्रं आणि मोझेक बघायचेत आणि खरं सांगू का, कुठेतरी दोन दिवस नुसतं बसायचंय.

कुणालाही विचारलं की रोम, फ्लोरेन्स, पिसा, चिंक्वे तेर्रे, अमाल्फी, मिलान, व्हेनिस हीच यादी मिळते, म्हणजे दर दोन दिवसांनी बॅगा भरा आणि पळा. तुम्ही जाऊन आला असाल तर कोणासाठी काय खरंच चांगलं ते सांगा प्लीज. गाडी भाड्याने घ्यावी असंही नवऱ्याचं चाललंय.

---

रेल्वेवेडा

आधी गाडीचं बोलतो. या मार्गावर गाडी नकोच. जवळपास सगळ्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल असतं, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच प्रवेश, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड कितीतरी महिन्यांनी गाडीवाल्या कंपनीमार्फत घरी येतो. शिवाय आंतरराष्ट्रीय लायसन्स लागतं ते वेगळंच. टस्कनीच्या खेड्यात राहणार असाल किंवा दक्षिणेतल्या पुलिया प्रांतात फिरणार असाल तर गाडीला पर्याय नाही, पण तुमचं तसं नाहीये.

ट्रेनने रोम ते बोलोन्या दोन तासांच्या थोडं वर, बोलोन्या ते फ्लोरेन्स चाळीस मिनिटांच्या आत, बोलोन्या ते व्हेनिस दीड तास. फ्रेच्चारोसा किंवा इतालो, दोन्ही वेगवान गाड्या, दोन्ही चांगल्या, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. रेजिओनाले म्हणजे साध्या लोकल गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, ते आधी काढायची घाई नको, पण कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो. मी भरलाय.

आणि सासूबाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या स्टेशनांवर साला ब्लू नावाची मदतसेवा असते. आधी कळवलं की माणूस येऊन व्हीलचेअरवरून डब्यापर्यंत नेतो, लागलं तर लिफ्टने डब्यात चढवतो, आणि उतरायच्या स्टेशनवरही माणूस हजर असतो. पैसे नाहीत. आमच्या आईसाठी तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा वेळेवर.

मुक्काम चारच ठेवा. रोम ४ रात्री, बोलोन्या ३, डोंगरात ३, व्हेनिस २.

---

अनुजा_देव

सायली, मी गुडघ्याच्या पेशंटला घेऊनच फिरलेय त्यामुळे स्पष्टच लिहिते. अमाल्फी आणि चिंक्वे तेर्रे या खेपेला सोडा. फोटोत जे सुंदर दिसतं ना, एकावर एक रचलेली रंगीत घरं, ते सगळं जिन्यांवरच उभं आहे. अमाल्फीच्या पोझितानो गावात वाट म्हणजे पायऱ्या. चिंक्वे तेर्रेत कोर्निलिया गावाला स्टेशनवरून वर जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत, मिनीबस असते पण ती भरून जाते. तरुण जोडप्याला, पाठीवर एक सॅक घेऊन फिरणाऱ्याला ही जागा स्वर्ग आहे, तुमच्या सासूबाईंना नाही.

रोम मात्र जमतं, दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवली तर. रस्त्यांवर काळे चौकोनी दगड बसवलेत, सॅम्पिएत्रिनी म्हणतात, त्यावर पाय मुरगळतो, त्यामुळे जाड सोलचे बूट घ्या त्यांना. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. सेंट पीटर्समध्ये आतून सगळं सपाट. घुमटावर चढायला एकूण ५५१ पायऱ्या, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, तिथे बापलेकाला पाठवा आणि तुम्ही दोघी खाली मिकेलांजेलोच्या पिएता या शिल्पाजवळ थांबा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत हे मुलाला आधी सांगून ठेवा, शॉर्ट्सवर परत पाठवतात. तुझ्यासाठी बोर्गेझे गॅलरी, दोन तासांचा स्लॉट आधी बुक केल्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि नव्होना चौकाजवळ सान लुइजी देई फ्रांचेझी चर्च आहे, तिथे कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, फुकट, दिव्याच्या मशीनसाठी थोडी नाणी ठेव. मी दोनदा गेले तिथे.

पण तू मोझेक म्हणालीस म्हणून हा सगळा लिहायचा खटाटोप. राव्हेन्नाला जाच. बोलोन्याहून लोकल ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, गाव पूर्ण सपाट, म्हातारी माणसं सायकलवर फिरतात तिथली. पाचव्या शतकातली गाल्ला प्लाचिदियाची समाधी बाहेरून विटांची साधी खोली दिसते. आत गेलं की आधी अंधार, मग डोळे सरावतात आणि वर गडद निळं आकाश आणि सोनेरी चांदण्या उमलायला लागतात, खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरच्या पातळ चकत्या आहेत त्यातून मधासारखा उजेड येतो. त्याच आवारात ५४७ साली पूर्ण झालेलं सान विताले, तिथे सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा समोरासमोर उभे आहेत. माझी आई अर्धा तास बाकावर बसून वर बघत होती, कोणी उठवलं नाही, गर्दीही फ्लोरेन्सच्या मानाने काहीच नाही.

---

भटक्या_७७

डोंगर म्हणजे डोलोमाइट्सच, दुसरं नाव घेऊ नका. पण जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे जरा लवकर होतंय. वरच्या पायवाटांवर सावलीच्या बाजूला बर्फ असतं, आणि बरेच रिफ्युजिओ, म्हणजे डोंगरातली राहायची-खायची घरं, २० जूनच्या सुमारास उघडतात. त्यामुळे त्रे चिमे या तीन सुळक्यांची प्रदक्षिणा वगैरे या वेळी डोक्यातून काढा, ती सप्टेंबरची गोष्ट.

त्याऐवजी बोल्झानोला मुक्काम करा. बोलोन्याहून ट्रेनने तीन तासांच्या आसपास. स्टेशनपासून पाच मिनिटांवर रेनोनची केबलकार आहे, बारा मिनिटांत वर पठारावर, आणि वर १९०७ सालापासूनची छोटी रेल्वे कुरणांमधून जाते. सासूबाई आणि तुम्ही तिथे बाकावर बसा, समोर डोंगररांग, तुमचं ते नुसतं बसणं इथेच होईल बघा. नवरा त्याच दिवशी ऑर्तिसेईला बसने जाईल, तासभर लागतो, तिथून आल्पे दी सिउझीला गोंडोला जाते, युरोपातलं सगळ्यात मोठं उंचावरचं कुरण आहे ते, दिवसभर चाललं तरी संपत नाही. लिफ्ट कुठल्या तारखेला चालू होतात ते मात्र बुकिंगच्या आधी बघा, दरवर्षी थोडं पुढेमागे होतं.

मुलाला बोल्झानोच्या म्युझियममध्ये न्या, १९९१ साली बर्फात सापडलेला ओत्झी तिथे आहे, ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याची कुऱ्हाड, बूट, बाण सगळं ठेवलंय. खांद्यात घुसलेल्या बाणाने मेला तो. माझ्या भाच्याला तिथून बाहेर काढायला लागलं.

आणि गाड्यांसाठी बोलोन्या म्हणजे काशीच. फेरारीची दोन म्युझियम, एक मोडेनात आणि एक मारानेल्लोत, मध्ये शटल बस असते. लॅम्बोर्गिनी, दुकातीही तिथेच आसपास.

---

दक्षिणवारा

सगळे उत्तरच सांगताय म्हणून लिहितो. ज्याला खाण्यासाठी, समुद्रासाठी, माणसांसाठी जायचंय त्याने नेपल्सच्या खाली जावं. सिसिलीतल्या पालेर्मोच्या बाजारात पानेल्ले मिळतात, हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून. आग्रिजेन्तोची ग्रीक देवळं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली, संध्याकाळच्या उन्हात दगड केशरी होतो. मातेरा तर वेगळंच जग, १९५० च्या दशकात सरकारने लोकांना गुहांमधल्या घरांतून बाहेर हलवलं होतं आणि तेच गाव २०१९ ला युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. पण सायलीताई, मातेरातही पायऱ्याच पायऱ्या, आणि तुमची परत येण्याची तिकिटं व्हेनिसची. त्यामुळे तुम्हाला या वेळी जा म्हणत नाही. हा धागा दुसरं कोणी वाचत असेल, दुसऱ्यांदा जाणारं, त्यांच्यासाठी लिहिलंय.

---

मृदुला_स्वयंपाकघर

सासूबाईंच्या जेवणाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, आणि बोलोन्यात नेमकी तीच अडचण आहे. त्या भागातला ताजा पास्ता अंड्यात मळतात, तालियातेल्ले, तोर्तेल्लोनी सगळं. त्यांनी पास्ता सेक्का मागायचा, म्हणजे सुका पास्ता, तो साधारण रवा आणि पाण्याचा असतो, तरी "सेन्झा उओवा" म्हणजे अंड्याशिवाय असं विचारून घ्या. राव्हेन्नाच्या बाजूला पियादिना नावाची पोळी मिळते, तिच्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, तेलातली आहे का ते आधी विचारा. सूप भाजीचं असलं तरी ब्रोदो, म्हणजे त्यातलं उकळलेलं पाणी, मांसाचा असू शकतो. पार्मेझान आणि पेकोरिनोमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विरजण, असतं, हे त्यांना चालतं की नाही ते घरीच ठरवून जा, तिथे जाऊन कळलं की वाईट वाटतं, आमच्याकडे तसं झालं.

निर्धास्त खाता येईल असं सांगू? पिझ्झा मारिनारा, त्यात चीजच नसतं, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. भाजलेल्या भाज्या, कोन्तोर्नी या सदराखाली मिळतात. तिरामिसूत अंडं असतं, दुधाच्या जेलातोत, म्हणजे तिथल्या आइस्क्रीममध्येही, बऱ्याचदा असतं, म्हणून फळांचं सोर्बेत्तो घ्या. आणि साडेसातच्या आधी रात्रीचं जेवण बहुतेक ठिकाणी मिळत नाही, औषधांच्या वेळा सांभाळायच्या असतील तर राहायला किचन असलेलं घरच घ्या.

---

सायली_कु

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! राव्हेन्ना नक्की. रेनोनचं वाचून सासूबाई स्वतः म्हणाल्या की मला तिथे दोन दिवस सोडा. फ्लोरेन्सला बोलोन्याहून एका दिवसात जाऊन येऊ, मी आणि नवरा. एकच शंका, व्हेनिसला इतके पूल, त्यांना जमेल का? मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या समोर जमिनीवरच्या भागात, राहून फक्त दिवसा जावं असं एकीने सुचवलंय.

---

अनुजा_देव

नाही नाही, मेस्त्रेला राहू नका! व्हेनिस आहे ते सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर, दिवसाची गर्दी गेल्यावर, आणि नेमका तोच वेळ मेस्त्रेत जातो. ठरावीक दिवशी घेतात ती प्रवेश फी व्हेनिस पालिकेच्या हद्दीत, म्हणजे मेस्त्रेतही, मुक्काम असला तरी भरावी लागत नाही, त्यामुळे तो मुद्दा नाही. हॉटेल असं शोधा की वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या बससारख्या बोटीच्या, थांब्यापासून मध्ये एकही पूल येणार नाही, बुक करायच्या आधी त्यांना नेमका हाच प्रश्न लिहून विचारा, ते सांगतात. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो आहे त्यामुळे दोन दिवसांचा पासच काढा आणि एक नंबरच्या बोटीत पुढे जागा धरून सासूबाईंना ग्रँड कॅनॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं बसवा. संध्याकाळी सहा-सातला. आईला आम्ही तीन वेळा नेलं.

---

रेल्वेवेडा

एक राहिलंच. २ जून म्हणजे त्यांचा प्रजासत्ताक दिन, कोलोसियमपासून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर सकाळी परेड असते, आसपासचे रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले. हॉटेल त्या भागात असेल तर स्टेशनवरून सामान घेऊन कसं पोचायचं ते त्यांना आत्ताच मेल करून विचारा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.